भाडे, गळती आणि बाष्पीभवन

आकडा कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस, अशी भगीरथरावांची श्रद्धा होती. या श्रद्धेच्या बळावर त्यांनी भातसा धरणावर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची एकवीस वर्षं रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता पाण्याची पातळी वाचून त्यांनी ती रजिस्टरात लिहिली. मधली सहा वर्षं मोजपट्टीचा रंग उडालेला होता. तेवढा काळ ते पातळी अंदाजाने लिहीत, पण दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहिल्याशिवाय राहत नसत.

१९९९ च्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. पगाराच्या निम्मी पेन्शन होणार, फंडाचे एक लाख पंधरा हजार मिळणार, आणि भातसानगरच्या क्वार्टरमध्ये दिवसभर घरात बसून जनाबाईंच्या पायात पायात येणं नशिबी येणार. यावर उपाय म्हणून त्यांनी शहापूरला एक ब्लॉक घेऊन भाड्याने द्यायचं ठरवलं. उपाय अनिलने सुचवला होता. अनिल एसटी स्टँडसमोर झेरॉक्स, एसटीडी आणि लॅमिनेशनचं दुकान चालवायचा, आणि वीज गेली की ब्लॉक विकायचा. वीज बरीच जायची.

"वैभव दर्शन, तिसरा माळा, वन रूम किचन," अनिल म्हणाला. "सगळं मिळून एक लाख पंचेचाळीस. भाडं नऊशे, डोळे मिटून."

"डोळे मिटून पातळी कशी वाचणार?" भगीरथराव म्हणाले.

"काका, पातळी नाय, भाडं. पुढच्या शनवारी तीस हजार भरा, बाकीचे एप्रिलमधी. तवर मी कुनाला दाखवत नाय." आणि त्याने अकराशे रुपये बयाणा घेऊन एका जुन्या झेरॉक्सच्या पाठीवर पावती दिली.

तीस हजार म्हणजे जनाबाईंच्या पाटल्या. त्या लग्नातल्या नव्हत्या. बारा वर्षं म्हशीचं दूध कॉलनीत घालून त्यांनी स्वतः केलेल्या होत्या, आणि विचार करताना त्या उजव्या हातातली पाटली डाव्या हाताने फिरवायच्या. चौथी शिकलेल्या या बाईने नवऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, पाटली दीड वेळा फिरवली आणि म्हणाल्या, "हिशोब मांडून दाखवा. पटला तर शनवारी हातातून काढून देते. नाय पटला तर पुन्ना ब्लॉकचं नाव काढायचं नाय."

भगीरथरावांना आव्हान आवडलं. ऑफिसातून बाद झालेलं एक रजिस्टर त्यांच्याकडे होतं. त्याचा पुठ्ठा फाटला म्हणून त्यांनी आतून एक जुना सरकारी कागद खळीने चिकटवून तो भक्कम केला होता. रजिस्टरात रकाने छापलेलेच होते: आवक, जावक, गळती, बाष्पीभवन, शेरा. नवीन आखायची गरज नव्हती. भाडं ही आवक. घरपट्टी आणि सोसायटीचा खर्च ही जावक. रंगरंगोटी, दुरुस्ती, भाडेकरूने काढून नेलेले बल्ब ही गळती. आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत खोली रिकामी राहते, भाडं कोणाच्याही खिशात न जाता हवेत उडून जातं, ते बाष्पीभवन. वर्षाचे दोन महिने त्यांनी बाष्पीभवनाला दिले. धरणालाही साधारण तेवढंच लागायचं.

प्रश्न फक्त आवकीचा होता. नऊशे हा अनिलचा आकडा, म्हणजे माणसाचा. खरा आकडा मिळवायचा कसा? घरमालकाला मालक म्हणून विचारलं तर तो फुगवून सांगणार. खरा भाव तो फक्त खोली घ्यायला आलेल्याला सांगतो. तेव्हा आपण भाडेकरू होऊन जायचं, असं भगीरथरावांनी ठरवलं, आणि त्याआधीच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून ते शहापूरला उतरले.

पहिली खोली शाळेमागे राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींची होती.

"मंडळी किती?" गुरुजींनी विचारलं.

"एकटाच."

"या वयात एकटे?" गुरुजींनी चष्मा वर केला. "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. भाडं किती?"

"एकट्या माणसाला पाचशे. पण स्वयंपाकाचं काय करणार?"

स्वयंपाकाचा रकाना रजिस्टरात नसल्यामुळे भगीरथरावांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं हे मौन गुरुजींना फार बोलकं वाटलं. इकडे भगीरथरावांच्या लक्षात एक शास्त्रीय गोष्ट आली होती: भाडं खोलीवर ठरत नाही, माणसांवर ठरतं. तर मग वेगवेगळी माणसं घालून बघितली पाहिजेत, नाहीतर सरासरी कशी काढणार?

म्हणून भाताच्या गिरणीच्या कोंडूशेठकडे त्यांनी बायको आणि चार लहान पोरं सांगितली.

"चार?" कोंडूशेठ गिरणीच्या आवाजात ओरडले. "केवढाली?"

"लहान आहेत."

"तुमाला?"

"आठशे का?" भगीरथराव ओरडले.

"आठशे! संडास वेगळा नाय! पोरं चार हायेत म्हनून आठशे!"

तिसरी खोली नाक्याच्या आत अंबूबाईची होती. अंबूबाई साठीची विधवा बाई. घराला लागून एक खोली, पुढे पडवी, मागे विहीर. इथे भगीरथरावांनी सांगितलं, "नवीन जोडपं आहे."

"कुनाचं?" अंबूबाईने हौसेने विचारलं.

हा प्रश्न भगीरथरावांनी धरला नव्हता. मोजपट्टीची सहा वर्षं सोडली तर त्यांना खोट्याचा सराव नव्हता. गुरुजींकडे 'एकटाच', कोंडूशेठकडे 'चार पोरं' असं सगळं स्वतःचंच सांगून आलेली त्यांची जीभ सवयीने म्हणाली, "माझंच."

अंबूबाईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग पुन्हा केसांकडे. आणि तिचे डोळे भरून आले.

"घरची मानत नसतील, व्हय भाऊ?"

"कोण?"

"असूं दे. नका सांगू. मी इचारनार नाय." तिने पदराने नाक पुसलं. "भाडं साडेसाशे हाय, तुमी साडेपाचशे द्या. डिपाझिट नको. आन खोली मागून गेलेल्या लायनमनला मी आजच नाय बोलून सांगते. तुमी घेऊन या तिला."

"आणतो," भगीरथराव म्हणाले. मग त्यांनी परतीची एसटी पकडली. एसटीत बसून त्यांनी तिन्ही आकडे मांडले: एकटा, पाचशे. चार पोरं, आठशे. नवीन जोडपं, साडेपाचशे. सरासरी सहाशे सतरा. बारा महिन्यांची आवक काढली, बाष्पीभवन, गळती आणि जावक वजा केली, आणि निव्वळ महिना चारशे बारा रुपये उरले. नऊशेच्या मानाने आकडा लहान होता, पण स्वतः वाचलेला होता. भगीरथराव समाधानाने झोपी गेले आणि किन्हवली फाट्याला डोकं खिडकीवर आपटल्यावर जागे झाले.

त्याच संध्याकाळी गुरुजी भात भरडायला कोंडूशेठच्या गिरणीवर गेले. अंबूबाई तिथे चुलीसाठी तूस न्यायला आली होती. शहापुरात भाड्याने खोली मागायला आलेला माणूस ही चारचौघांत सांगायची गोष्ट असते. तिघांनी ती सांगितली, आणि तिन्ही गोष्टींतल्या चपला एकाच माणसाच्या निघाल्या. मग शहापूरनेही आकडेच मांडले. एकटा, म्हणजे बायकोने घराबाहेर काढलं. नवीन जोडपं, म्हणजे दुसरं लग्न केलं. चार लहान पोरं या वयात आणि इतक्या लवकर होणं शक्य नाही, म्हणजे ती बाईचीच, आधीची. बेरीज कुठेही चुकलेली नव्हती. नेमका त्याच वेळी तांदळाचं पोतं उचलायला संदेश गिरणीवर आला. संदेश हा जनाबाईंचा धाकटा भाऊ, किन्हवलीचा, ठाण्याला कंपनीत जाणारा; वर्णन ऐकताच त्याने भावजींना ओळखलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता भातसानगरच्या क्वार्टरपुढे भाड्याची जीप थांबली. संदेश उतरला, आणि त्याच्यामागून जनाबाईंचे चुलते लडकूकाका काठी टेकत उतरले. कुठल्याही भांडणात त्यांना बोलवत, कारण ते दोन्ही बाजूंचं जेवत.

"ताय, तू आत जा," संदेश म्हणाला.

"का रे? माझ्या घरात मीच का आत जाऊ?" जनाबाई तांदूळ निवडत होत्या. "चाय घेताय ना?"

"चाय सोड. भावजी कुठं हायेत?"

"पातळी लिवायला गेलेत. येतील."

"पातळी!" संदेश म्हणाला. "ताय, आख्खा शहापूर बोलतोय. भावजींनी दुसरी केली. रूम पण फिक्स झालीय नाक्यावर. चार पोरं हायेत बाईला."

जनाबाईंचा हात थांबला. त्यांनी पाटली एकदा फिरवली. मग त्या म्हणाल्या, "चार?"

"चार."

"ह्यांना आपल्या एका पोरीच्या लग्नात जावयाचं नाव ध्यानात ऱ्हात नव्हतं. चौघांची नावं पाठ कोन करील?"

"चार पोरं म्हंजे महिन्याला तांदूळ दीड मण," लडकूकाकांनी काळजीने सांगितलं.

तेवढ्यात भगीरथराव आले. जीप पाहून त्यांना वाटलं, जावई आला. त्यांनी आलेल्या दोघांचे चेहरे पाहिले आणि ते उंबऱ्यातच थांबले.

"भावजी, सीधा बात," संदेश म्हणाला. "शहापूरला काल तुमी रूम बघितल्यात का नाय?"

"बघितल्या."

"किती?"

"तीन."

"बघ!" संदेश बहिणीकडे वळला. "स्वतः कबूल करतायत!"

"अरे, हिशोबासाठी बघितल्या! थांब, माझ्याकडे लिहिलेलं आहे." आणि निर्दोष माणसाच्या घाईने भगीरथरावांनी रजिस्टर काढून मेहुण्याच्या हातात दिलं. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांचं रजिस्टर वाचणार होतं.

संदेशने मोठ्याने वाचलं. "एकटा, पाचशे. बायको आन चार पोरं, आठशे. नवीन जोडपं, कंसात मीच, साडेपाचशे. शेरा: घरमालकीण भावनाप्रधान." त्याने मान वर केली. "ताय, कंसात लिवलाय. मीच."

"दोन महिने बाष्पीभवन, हे काय लिवलंय?" लडकूकाकांनी काठीने ओळ दाखवली.

"दोन महिने खोली रिकामी राहते," भगीरथरावांनी समजावलं.

"म्हंजे ती बाय दोन महिने माहेरला जाते," लडकूकाका म्हणाले. "मग तांदूळ जरा कमी लागतील."

जनाबाईंनी रजिस्टर मागून घेतलं. वाचता येत होतं तेवढं त्यांनी सावकाश वाचलं, आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तेहतीस वर्षं एका माणसाला वापरल्यावर त्याचं खोटं कुठे संपतं ते बाईला कळतं. पण त्या हसल्या नाहीत. पैसे भरायचा शनिवार जवळ आला होता आणि पाटल्या हातात होत्या.

"जीप भाड्याचीच हाय ना?" त्यांनी संदेशला विचारलं. "मग चला शहापूरला. मला ब्लॉक बघायचाय. आन ती बाय पन."

वैभव दर्शनच्या तिसऱ्या मजल्यावर अनिलने कुलूप उघडलं. "या काकू, हवा बघा, उजेड बघा," तो म्हणाला. भगीरथरावांनी खोलीची लांबी पावलांनी पुन्हा मोजली. संदेशने खिडकी उघडून गिरणीचा पत्रा पाहिला. जनाबाई सरळ मोरीत गेल्या आणि त्यांनी नळ फिरवला. नळाने खोकल्यासारखा आवाज केला आणि तो गप्प झाला.

"पानी?"

"येनार ना काकू. लाइनचा अर्ज केलाय."

जनाबाई दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. तिथे एक बाई दारात हंडे मांडून बसली होती. "टँकर येतो, दोन दिसाआड," ती म्हणाली. "खालूनच भरावा लागतो. आमचा पन करार जूनला संपतोय. आमी नाय ऱ्हात."

जनाबाई वर आल्या आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "एकवीस वर्सं आख्ख्या धरनाचं पानी मोजताय. आन दीड लाखाच्या खोलीचा नळ फिरवून नाय बघितलात?"

भगीरथरावांनी रजिस्टर उघडलं. सगळे रकाने पाण्याचेच होते. पाण्याला मात्र रकाना नव्हता. त्यांनी 'बाष्पीभवन' समोर दोन महिन्यांवर काट मारून बारा लिहिले आणि पेनचं टोपण लावलं.

आता अंबूबाई उरली होती. ती पडवीत उभीच होती. खोलीला कालच चुना मारलेला, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण.

"आनलंत, भाऊ?" ती धावत पुढे आली, आणि जनाबाईंना पाहून थबकली. "ही?"

"हीच," भगीरथराव म्हणाले.

"लगीन कवा झालं गो तुमचं?"

"पासष्ट साली," जनाबाई म्हणाल्या.

अंबूबाईने एकदा तोरणाकडे पाहिलं. "अरे, ही तर जुनीच हाय! मी नव्या नवरीचा चुना मारला! तो लायनमन घालवला! शंभराचा तोटा घेतला भाड्यात! आता ही खोली कोन घेनार? सांगा ना!"

"बाय, समजून घे, मिस्टेक झाली," संदेश म्हणाला. त्याला मनातून वाईट वाटत होतं. एवढी जीप करून आणली आणि भावजी निर्दोष निघाले.

भगीरथराव पडवीत उभं राहून लायनमनच्या भाड्याचं नुकसान किती होईल ते मनात काढत होते. लडकूकाकांनी पडवीत बसून चहा मिळतो का ते पाहिलं. या गोंधळात जनाबाई कुठे गेल्या ते कोणाला कळलं नाही. थोड्या वेळाने मागून रहाटाचा आवाज आला. त्यांनी विहिरीतून एक कळशी पाणी काढलं होतं. ओंजळीने पिऊन पाहिलं, पाय धुतले, खोलीत जाऊन फडताळाच्या कप्प्यांवरून हात फिरवला, मागचं दार उघडून म्हैस बांधायला जागा किती आहे ते नजरेने मोजलं, आणि भुईवर बसल्या.

"अंबूताय," त्यांनी आतून हाक मारली, "विहिरीला मे महिन्यात पानी ऱ्हातं?"

"ऱ्हातं. का?"

"नव्या जोडप्याला साडेपाचशे. आन जुन्याला किती?"

अंबूबाईने विचार केला. "पाचशे. जुनी मानसं भितीला खिळे ठोकीत नाय."

"अगं, पण आपल्याला कशाला?" भगीरथराव दारात आले. "आपण भाड्याने द्यायला निघालो होतो."

जनाबाईंनी पाटली फिरवली. "तुमी भाडेकरूला ब्लॉकात ठेवनार होतात. बरोबर. मार्च संपला का आपन कुठं ऱ्हानार?"

"क्वार्टरमध्ये."

"क्वार्टर नोकरीचा. नोकरी मार्चपर्यंतची."

भगीरथरावांनी रजिस्टराची पानं चाळली. अठ्ठावीस वर्षं एकाच छपराखाली राहिल्यावर छप्पर आपलं वाटायला लागतं. रजिस्टरात भाडेकरूचं घर होतं, भाडेकरूची पोरं होती, भाडेकरूने नेलेले बल्बसुद्धा होते.

"गावाला जाऊ," ते म्हणाले.

"गावच्या घराचा वाटा तुमीच भावाला लिवून दिलात. सही चांगली वळणदार केलीत, मी बघत होते."

 मग भगीरथरावांनी भुईवर मांडी घातली, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि नव्या पानावर लिहायला सुरुवात केली. फंडाचे एक लाख पंधरा हजार पोस्टात, शेकडा बारा. महिना आवक अकराशे पन्नास. जावक पाचशे. गळती घरमालकिणीची. बाष्पीभवन शून्य, कारण खोलीत ते स्वतःच असणार. शिल्लक सहाशे पन्नास. त्यांनी मागचं पान उलटून चारशे बारा हा आकडा पाहिला, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले.

"जास्त येतात," ते हळूच म्हणाले.

"आन पाटल्या?"

"त्या यात धरलेल्याच नाहीत."

"मग पटला हिशोब," जनाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. अंबूबाईने चहा टाकला. तोरण राहू दिलं. लडकूकाकांनी दोन्ही बाजूंच्या वतीने भाकरी खाल्ली, आणि जीपचं भाडं संदेशने दिलं.

अनिलने बयाणा परत केला नाही, पण भगीरथरावांना तहहयात झेरॉक्स फुकट करून दिली. एप्रिलमध्ये सामान हलवण्याआधी त्यांनी मुद्दाम एक झेरॉक्स काढून घेतली. भगीरथराव स्वतःला राहायला भाड्याची खोली शोधतायत, हे शहापूरचं म्हणणं तेवढं शेवटी बरोबरच निघालं होतं. झेरॉक्स होती रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या सरकारी कागदाची. तो त्यांच्या क्वार्टरचा वाटपाचा आदेश होता, सन एकोणीसशे एक्क्याहत्तरचा. सेवानिवृत्तीनंतर तीन महिन्यांच्या आत निवासस्थान रिकामे करावे, असं त्यात सातव्या कलमात टाइप केलेलं होतं.